केशरसाठी पक्षी: एका विझला जातीच्या पिल्लाच्या प्रशिक्षणाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या एका मराठी कुटुंबाचं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत आणि कुत्रीचं नाव बदलून केशर ठेवलं आहे. मालक मूळचे सातारा जिल्ह्यातले, आता ट्विन सिटीजच्या (मिनिआपोलिस आणि सेंट पॉल या जोडशहरांच्या) एका उपनगरात राहतात आणि संगणक क्षेत्रात नोकरी करतात. एका सहकाऱ्याबरोबर ते राज्याच्या नैऋत्य भागात फेजंट या कोंबडीएवढ्या रानपक्ष्याच्या शिकारीला गेले होते. तिथे बंदुकीपेक्षा कुत्र्याच्या कामानेच त्यांना भुरळ घातली. गुडघाभर गवतात सुसाट पळणारं कुत्रं एकदम थबकतं. शेपूट ताठ, पुढचा एक पाय उचललेला, नाक एका जागेवर रोखलेलं. पक्षी तिथेच दडून बसलेला असतो. माणूस पुढे जाऊन तो उठवेपर्यंत कुत्र्याने तसंच उभं राहायचं. याला पॉइंट करणं म्हणतात.

परत आल्यावर मालकांनी बंदूक सुरक्षेचा अभ्यासक्रम पूर्ण केला (३१ डिसेंबर १९७९ नंतर जन्मलेल्यांना मिनेसोटात शिकारीच्या परवान्यासाठी तो करावाच लागतो) आणि विझला जातीचं मादी पिल्लू घरी आणलं. विझला हे हंगेरीचं कुत्रं. रंग गंजासारखा तांबूस सोनेरी, अंगाने सडपातळ, माणसाला चिकटून राहणारं आणि मनाने फार हळवं. हा हळवेपणा लक्षात ठेवा, पुढे सगळं त्याच्याशीच येऊन भिडतं.

महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांना एक गोष्ट स्पष्टच सांगतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार रानातले तितर, लावे पकडणं किंवा मारणं हा गुन्हा आहे. इथे लिहिलेलं तिथे करून पाहण्यासारखं नाही. अमेरिकेत या कामासाठी पक्षी शेतावर वाढवले जातात आणि त्यांचेही प्रत्येक राज्याचे नियम वेगळे असतात.

पॉइंट करण्याची ओढ या जातींच्या रक्तातच असते. ती बाहेरून घालता येत नाही. प्रशिक्षक एवढंच करू शकतो की पिल्लाची आणि पक्ष्याची भेट योग्य तऱ्हेने घडवून आणायची. फार जवळ गेलं तर पक्षी उडून जातो, लांबून थांबलं तर बसून राहतो, हा धडा पिल्लाला पक्षीच शिकवतो. त्यामुळे कुठला पक्षी आणायचा हा प्रश्न सामानाच्या यादीतला नाही. पिल्लाचा मास्तर कोण, हे आपण त्यातून ठरवत असतो.

अडचण कशी उभी राहिली

केशरचा जन्म जानेवारीतला. मार्चमध्ये ती घरी आली. वसंतात मालकांनी गळाच्या काठीला दोरी आणि दोरीला पक्ष्याचा पंख बांधून अंगणात तिच्याशी खेळ केला. पंख जमिनीवर टेकला की ती गोठून उभी राहायची. हा खेळ दिसायला छान असतो, पण त्यात पिल्लू डोळ्यांनी पॉइंट करतं, नाकाने नाही. मालकांना ते माहीत होतं आणि त्यांनी हा खेळ लवकरच थांबवला. हे त्यांचं बरोबर होतं.

मिनेसोटात १६ एप्रिल ते १४ जुलै या काळात विशेष परवान्याशिवाय शिकारी कुत्र्यांना रानात शिकवायला बंदी आहे. जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचा तो अंडी घालण्याचा आणि पिल्लं वाढवण्याचा काळ असतो. बंदी उठली तेव्हा केशर सहा महिन्यांची झाली होती आणि मालकांना अगदी राहवत नव्हतं. त्यांनी घरगुती पक्षीपालन करणाऱ्या एकाकडून वीस जपानी लावे आणले. हे लावे स्वस्त आणि सहज मिळणारे. अंड्यातून सतरा-अठरा दिवसांत बाहेर येतात आणि दोन महिन्यांच्या आत पूर्ण वाढतात. पण हे वीस पक्षी जन्मापासून ठेंगण्या पिंजऱ्यात वाढले होते. पंख होते, पंखांत बळ नव्हतं.

एका ओळखीच्या निवृत्त दूधउत्पादक शेतकऱ्याच्या कुरणात, सकाळच्या दवात, मालकांनी लावे ठेवले. केशरने पहिला लावा सुंदर पॉइंट केला. मालक पुढे गेले, लावा फडफडला, दोन हात उडून ओल्या गवतात पडला आणि केशरने तो पकडला. मालकांनी आनंदाने शाबासकी दिली. दुसराही पकडला, तिसराही. त्या दिवसाची चित्रफीत मी नंतर पाहिली. पहिल्या लाव्यावर ती चांगली उभी राहते, चौथ्यावर क्षणभर थांबते, सातव्यावर वास येताच सरळ झडप घालते. पुढच्या दोन खेपांत पॉइंट पूर्ण नाहीसा झाला. पक्षी पकडता येतो हे तिला कळलं होतं. मग थांबायचं कशासाठी?

इथे मालकांनी जो निर्णय घेतला तो या प्रकरणातला सगळ्यात महागात पडलेला निर्णय. लहान पक्षी ती पकडते, म्हणजे मोठा आणावा, असा त्यांनी विचार केला. विचार वरवर चुकीचा वाटत नाही. त्यांनी एक पूर्ण वाढलेला नर फेजंट आणला, उडून जाऊ नये म्हणून त्याचा एक पंख चिकटपट्टीने बांधला आणि गवतात ठेवला. लावा भरतो जेमतेम दीडशे ग्रॅम, तर नर फेजंट किलोच्या वर. त्याच्या पायावर मागच्या बाजूला अणकुचीदार काटा असतो. केशरने सवयीप्रमाणे झडप घातली. नराने उलटून चेहऱ्यावर पंख आपटले आणि काटा मारला. नाकाच्या कडेला जखम झाली. ती ओरडत मालकांच्या पायांत येऊन दडली.

जखम आठवड्यात भरली. पण पुढच्या वेळी कुरणात पक्ष्याचा वास आला की ती मान वळवून लांबून वळसा घालू लागली. वास तिला येत होता यात शंका नव्हती, नाकपुड्या हलायच्या. ती मुद्दाम टाळत होती. इथले प्रशिक्षक याला ब्लिंकिंग म्हणतात, आणि पक्ष्यांवर काम करणाऱ्या कुत्र्यात याहून वाईट सवय नाही. जास्तीचा उत्साह आवरता येतो, ही भीती काढणं फार कठीण.

मालकांचा फोन आला तेव्हा आवाजात काळजी होती. “दादा, वास आला की ती पाठ फिरवते. आमची संधी गेली का?” मी या भागात बरीच वर्षं पॉइंटर जातींची कुत्री पाळतो आणि शिकवतो. मी सांगितलं की आधी महिनाभर एकही पक्षी दाखवू नका. पोहायला न्या, रानात मोकळं धावू द्या, कुरणाच्या त्या बाजूला फिरकूही नका. तोवर पुढचं ठरवू.

विचारात घेतलेले पर्याय

तो महिना आम्ही पक्षी ठरवण्यात घालवला. शेतकऱ्याच्या स्वयंपाकघरात बसून मालक, त्यांच्या पत्नी, तो शेतकरी आणि मी अशी चर्चा व्हायची.

केशरला व्यावसायिक प्रशिक्षकाकडे दोन-तीन महिने ठेवणं हा पहिला पर्याय. खर्च परवडत होता, पण इतक्या हळव्या कुत्रीला भीतीच्या काळात घरापासून तोडायला मालक तयार झाले नाहीत. मलाही ते पटलं.

जपानी लावे पुन्हा आणण्याचा प्रश्नच नव्हता. मात्र त्यांच्याबद्दल न्यायाने बोललं पाहिजे. अगदी लहान, आठ-दहा आठवड्यांच्या बुजऱ्या पिल्लाला एखाद-दुसरा अशक्त लावा पकडू देणारे अनुभवी लोक आहेत. त्यातून पिल्लाला पक्ष्याची गोडी लागते आणि धीर येतो. पण ते एकदा-दोनदा, आणि मग कायमचं बंद. सहा महिन्यांच्या धीट पिल्लाला एका सकाळी सात लावे म्हणजे सात वेळा चुकीचा धडा.

बॉबव्हाइट लावे हा गंभीर पर्याय होता. हा अमेरिकेचा मूळचा पक्षी, थव्याने राहणारा. जमिनीपासून उंच, खांबांवर उभारलेल्या खोपटात त्यांचा थवा ठेवतात, निम्मे सोडतात, निम्मे आत ठेवतात. संध्याकाळी आतले पक्षी साद घालतात आणि बाहेरचे नरसाळ्यासारख्या वाटेने परत आत येतात. जपानी लाव्यांत ही परतण्याची ओढ फारशी नसते, त्यामुळे त्यांचं असं खोपटं चालत नाही. बॉबव्हाइटचा वासही खऱ्या शिकारीच्या पक्ष्याचा. दक्षिणेकडच्या राज्यांत मी डोळे मिटून हाच पर्याय सुचवला असता. इथे ऑगस्ट संपत आला होता. थवा खोपट्याला रुळायला वेळ लागतो, शेतावर रॅकून (पक्षी मारून खाणारा एक निशाचर प्राणी) भरपूर, आणि हिवाळा तोंडावर. शिवाय पिंजऱ्यातले बॉबव्हाइटही नीट उडवले नसतील तर तितकेच आळशी निघतात.

रानातले पक्षी हा सगळ्यात चांगला मास्तर. उत्तर मिनेसोटातला रफ्ड ग्राउस हा जंगलातला पक्षी कुत्र्याला सहसा जवळ येऊ देत नाही, पाऊल चुकलं की उडालाच. पण घाबरलेल्या कुत्रीला दिवसभरात दोन-तीनच पक्षी भेटणार, तेही आपल्या सोयीने नाही. कुठला पक्षी कधी उठेल हे आपल्या हातात नसतं. ग्राउस नंतरसाठी राखून ठेवला.

राहिली कबुतरं. त्यांच्यावर सगळ्यात जास्त चर्चा झाली.

कबुतर जोरात आणि उंच उडतं, पिल्लाच्या हाती लागत नाही. हाताळणं सोसतं, उन्हात-थंडीत टिकतं, आणि आपल्या ढाबळीकडे परत येतं म्हणजे तोच पक्षी पुन्हा पुन्हा वापरता येतो, कुणाला मारावं लागत नाही. ही शेवटची बाब मालकांच्या पत्नीला फार महत्त्वाची होती. त्या शाकाहारी आहेत. केशर त्यांचीही तितकीच लाडकी, पण तिच्या शिक्षणासाठी पक्ष्यांचे जीव जावेत हे त्यांना मान्य नव्हतं. फेजंटचा पंख बांधून ठेवला हे कळल्यावर घरात मोठा वाद झाला होता. मला त्यांचं म्हणणं योग्यच वाटतं. बांधलेला पक्षी पक्ष्यावरही अन्याय आणि कुत्र्यालाही खोटा धडा.

पण कबुतरांवर त्यांचा वेगळा आक्षेप होता. त्या दादरच्या. कबुतरांच्या विष्ठेची आणि पिसांची धूळ वर्षानुवर्षं श्वासात गेली तर फुप्फुसांना कायमची इजा होऊ शकते हे त्यांना माहीत होतं. पुढे २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून मुंबईत केवढा वाद झाला हे सगळ्यांना आठवत असेल, ही धास्ती त्यांच्या मनात त्याआधीपासूनच होती. त्यामुळे घराच्या अंगणात ढाबळ बांधायची नाही हे पहिल्याच बैठकीत ठरलं. शेतावर, उघड्या हवेशीर जागी, मास्क आणि हातमोजे घालूनच साफसफाई, या अटीवर त्या राजी झाल्या.

आता कबुतरं कुठली? शर्यतीची कबुतरं पाळणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनी बारा मोठी कबुतरं फुकट देऊ केली. मालक लगेच तयार झाले होते. जिथे दाणा मिळतो तिथे कबुतर परतणार, असा त्यांचा समज होता. तसं होत नाही. मोठं झालेलं शर्यतीचं कबुतर ज्या ढाबळीत वाढलं तिच्याकडेच परततं. महिनाभर कोंडून, दाणा घालून सोडलं तरी बहुतेक ते जुन्या मालकाच्या छपरावर जाऊन बसतं. नव्या ढाबळीला रुळवायची तर पाच-सहा आठवड्यांची पिल्लं हवीत, ज्यांनी बाहेरचं आकाश अजून पाहिलेलं नाही. आम्ही त्या गृहस्थांकडून मोठी कबुतरं घेतली नाहीत. उशिराच्या विणीतली आठ पिल्लं मागून घेतली, पुढच्या वसंताच्या तयारीसाठी.

तातडीचा उपाय शेतकऱ्याने सुचवला. त्याच्या जुन्या गोठ्याच्या माळ्यावर मोकाट कबुतरांचा थवा वर्षानुवर्षं राहत होता. ती तिथलीच. रात्री टॉर्चच्या उजेडात जाळ्याने पकडायची, त्याच शेतावर सोडायची, ती आपोआप गोठ्याकडेच जाणार. अमेरिकेत स्थलांतरित पक्ष्यांना १९१८ च्या कायद्याने संरक्षण आहे, पण या गावठी कबुतरांना ते लागू नाही. दिसायला जवळचा असलेला तिथला होला (मोर्निंग डव्ह) मात्र त्या कायद्यात येतो, त्यामुळे पकडताना पक्षी ओळखणं गरजेचं. पायात कडी असलेलं कबुतर सापडलं तर ते कुणाच्या तरी शर्यतीचं, ते लगेच सोडायचं.

काय केलं

पकडलेली कबुतरं आधी दोन आठवडे वेगळ्या पिंजऱ्यात ठेवली. मोकाट कबुतरांत घशाचे आणि पोटाचे रोग असतात. मान वाकडी झालेलं, घशात पिवळी साय धरलेलं किंवा हिरवट पातळ विष्ठा टाकणारं कबुतर बाजूला काढलं. शेतकऱ्याच्या कोंबड्यांपासून हा पिंजरा लांब होता. २०२२ पासून अमेरिकेत बर्ड फ्लूने कोंबड्यांचे मोठमोठे कळप गेले आहेत, तेव्हा वेगवेगळ्या ठिकाणचे पक्षी एकत्र करण्याची चूक कुणीच करू नये.

पहिल्या टप्प्यात केशरला काहीच करायला सांगितलं नाही. हाक नाही, आज्ञा नाही. माझी जुनी शॉर्टहेअर (पॉइंट करणारीच एक जर्मन जात) कुत्री सोबत सोडली. मी कुरणाच्या मध्यावर उभा राहून पिशवीतून एक कबुतर काढलं आणि उंच फेकलं. माझी कुत्री त्याच्यामागे पळाली. केशर मालकांजवळ उभी राहून बघत होती. दुसऱ्या कबुतराला कान टवकारले. त्या दिवशी ती पळाली नाही आणि आम्ही तिला ढकललं नाही. काही दिवसांनी एक कबुतर तिच्या डोक्यावरून गेलं तशी ती माझ्या कुत्रीच्या पुढे पळत सुटली. कुरणाच्या टोकापर्यंत गेली आणि जीभ बाहेर काढून परत आली. मालकांच्या पत्नी त्या दिवशी कुंपणाजवळ उभ्या होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

या पाठलागाला अनेक लोक नाकं मुरडतात. पिल्लाला पक्ष्यामागे पळू द्यायचं नाही, असं ते म्हणतात. धीट पिल्लाच्या बाबतीत त्यात तथ्य आहे. पण ज्या कुत्रीला पक्ष्याची भीती बसली आहे तिला पळू द्यायलाच हवं. ती पळते तेव्हा पक्षी पळवून लावणारी ती असते, मार खाणारी नाही. आणि पंखांत बळ असलेलं कबुतर तिला दर वेळी हेही सांगतं की आपण हाती लागत नाही.

दुसरा निर्णय लाँचरचा. लाँचर म्हणजे स्प्रिंगची पेटी. तिच्यात कबुतर ठेवायचं, रिमोटचं बटण दाबलं की झाकण उघडून पक्षी वर फेकला जातो. फायदा असा की पिल्लू एक पाऊल जास्त पुढे आलं की त्याच क्षणी पक्षी उडवता येतो. धोका असा की स्प्रिंगचा खटका आणि अचानक उसळलेला पक्षी भित्र्या पिल्लाला पुन्हा हादरवू शकतो. मालकांना ते यंत्र लगेच वापरायचं होतं. मी आधी रिकामी पेटी तिच्या जेवणाच्या वेळी लांबून उघडायला सांगितलं, रोज थोडं जवळ आणून. खटक्याकडे तिने लक्ष देणं सोडल्यावरच पेटीत कबुतर गेलं.

गवतात पेटी अशी ठेवायची की केशर वाऱ्याच्या आडव्या दिशेने येईल आणि वासाचा पट्टा तिला वाटेत लागेल. वाऱ्याच्या तोंडावर सरळ आणलं तर पिल्लू वास धरून थेट पेटीवर चालून जातं. पेटी हाताळताना हातमोजे घालायचे आणि आजूबाजूला दोन-तीन रिकाम्या पेट्याही ठेवायच्या. नाहीतर हुशार कुत्रं माणसाचा आणि लोखंडाचा वास हीच पक्ष्याची खूण धरतं. पहिल्या काही वेळा तिची मान वासाकडे वळली की पक्षी उडवला. मग ती मान वळवून थांबू लागली. मग पाय उचलून थांबू लागली. लांब दोर तिच्या गळ्यात होता, पण तो ओढण्याची वेळ क्वचितच आली.

या काळात मालकांना गप्प ठेवणं हेच माझं मुख्य काम होतं. केशर मराठी आज्ञा पाळते, “थांब” आणि “ये” तिला चांगलं कळतं. पण पॉइंटवर उभ्या असलेल्या पिल्लाला “थांब, थांब” म्हटलं की त्याचं लक्ष पक्ष्यावरून माणसावर येतं. कबुतर जे शिकवतंय त्याच्या मध्ये आपण बोलायचं नाही.

सप्टेंबरच्या अखेरीला कबुतरांवर ती पक्की झाली, आणि मालकांना शिकारीच्या पक्ष्याचा वास द्यायचा होता. इथे चकोर निवडला. हाच आपल्या हिमालयातला चकोर. अमेरिकेत तो आशियातून आणला गेला आणि पश्चिमेकडच्या कोरड्या डोंगरांत रुजला. लाव्यापेक्षा मोठा, फेजंटपेक्षा लहान, कणखर, आणि कुत्र्यावर उलटत नाही. किंमत लाव्यापेक्षा बरीच जास्त. नॅशनल पोल्ट्री इम्प्रूव्हमेंट प्लॅन या पाळीव पक्ष्यांच्या रोगतपासणीच्या योजनेखाली तपासलेला कळप असलेल्या एका शेतावरून ते घ्यायचं ठरवलं.

या वेळी मालकांनी पाहून खरेदी केली. शेपटीची पिसं शाबूत आहेत का, पाठीवर टोचा मारून उघडी पडलेली जागा आहे का, छाती बोटांना भरलेली लागते का, डोळे स्वच्छ आहेत का. सगळ्यात मुख्य म्हणजे पक्षी लांबलचक, उंच जाळीच्या आवारात वाढले होते, आणि आत शिरल्यावर ते एका टोकाहून दुसऱ्या टोकापर्यंत उडत गेले. असा पक्षी घ्यावा. कोपऱ्यात पळून गर्दी करणारा पक्षी कितीही धष्टपुष्ट दिसला तरी घेऊ नये. नेताना पेटी ठेंगणी ठेवली, कारण उंच पेटीत घाबरलेला पक्षी वर उसळून डोकं फोडून घेतो.

चकोरांवर बंदुकीची ओळखही करून दिली. फक्त आवाजाची काडतुसं, आणि तीही केशर उडालेल्या पक्ष्यामागे दूर पळत असताना, शंभर मीटरवरून. तिने वळूनही पाहिलं नाही. अंतर हळूहळू कमी केलं.

मारण्याचा प्रश्न मालक आणि त्यांच्या पत्नी यांनी आपसात सोडवला. प्रशिक्षणातला पक्षी मारायचा नाही. हंगामात रानात जो पक्षी मारला जाईल तो वाया जाऊ द्यायचा नाही, मालकांनी स्वतः साफ करून स्वतः शिजवायचा. हा तोडगा सगळ्यांना पटेल असं नाही, पण त्या घरात तो टिकला.

निष्पत्ती

ऑक्टोबरमध्ये ग्राउसच्या रानात केशरच्या पुढून पहिले काही पक्षी ती पॉइंट करण्याआधीच उडाले. मग ती लांबूनच थबकायला लागली. गावठी कबुतरांनी जो पाया घातला होता त्यावर रानातल्या पक्ष्याने अंतर शिकवलं. त्या हंगामात मालकांनी मोजकेच पक्षी मारले आणि त्यांना त्याची खंत नाही.

पुढच्या मे महिन्यात ती नॉर्थ अमेरिकन व्हर्सटाइल हंटिंग डॉग असोसिएशनच्या नैसर्गिक क्षमतेच्या चाचणीला बसली. ही संस्था १९६९ मध्ये स्थापन झाली आणि या चाचणीत दर्जा मिळवण्यासाठी वयाची मर्यादा १६ महिने आहे. केशर तिच्या अगदी काठावर होती. शोध, नाक, पॉइंट, पाणी, सगळीकडे उत्तम. पण चाचणीत माग काढण्याचा एक भाग असतो. उडू न शकणारा फेजंट गवतात सोडतात आणि पिल्लाने त्याचा माग नाकाने काढत जायचं. तिने माग अचूक धरला, आणि पक्षी दिसण्याइतका जवळ आल्यावर थांबली, मान वळवली आणि परत फिरली. चारपैकी दोन गुण मिळाले आणि पहिला दर्जा हुकला. फेजंटने तिला मारलं होतं हे परीक्षकांना माहीत नव्हतं. आम्हाला होतं.

वेगळं काय करता आलं असतं

लाव्यांची खरेदी टाळता आली असती असं मालक म्हणतात. माझं मत जरा निराळं आहे. लावे घेऊनही चाललं असतं, घेण्याआधी एक हवेत फेकून पाहायला हवा होता. जो पक्षी पाच-सहा मीटरवर पडतो तो कुठल्याही जातीचा असला तरी पिल्लाला बिघडवतो. आणि ओल्या गवतात कुठलाच लहान पक्षी ठेवू नये, दव उतरेपर्यंत थांबावं. पहिला लावा पकडला गेला त्या क्षणी पिंजरा बंद करून घरी आले असते, तर सगळं तिथेच आटोपलं असतं.

फेजंटच्या बाबतीत वाद नाही. वर्षाच्या आतल्या पिल्लासमोर जिवंत, बांधलेला नर कधीच ठेवू नये. नर आणि तोही बांधलेला, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या तर तो कोपऱ्यात सापडलेला, काटेवाला, किलोभर वजनाचा प्राणी होतो, आणि कोपऱ्यात सापडलेला प्राणी लढतोच.

लाँचरशिवायही हे जमलं असतं का, यावर शेतकऱ्याशी माझे अजून मतभेद आहेत. त्याच्या मते कबुतराचं डोकं पंखाखाली घालून, हलकेच गोल फिरवून गवतात झोपवलं की पुरे. यंत्राचे दोन-तीनशे डॉलर कशाला? झोपवलेलं कबुतर कधी जागं होईल याचा भरवसा नसतो, आणि पिल्लू त्याच्यावर जाऊन पडलं तर पुन्हा तीच कथा. केशरसारख्या कुत्रीसाठी ठरलेल्या क्षणी पक्षी उडणं मला आवश्यक वाटलं. मनाने टणक पिल्लासाठी शेतकऱ्याचं म्हणणं चालेल.

खरा राहून गेलेला भाग म्हणजे फेजंटशी समेट. कबुतर आणि चकोर यांनी केशरला पक्ष्यांची भीती सोडायला लावली, फेजंटची नाही. त्या विशिष्ट वासाशी तिची जुनी आठवण जोडलेली होती आणि हिवाळ्यात मालकांनी तो विषय काढायचा नाही असं ठरवलं. चाचणीच्या आधी, मार्च-एप्रिलच्या सुरुवातीला, फेजंटच्या माद्या लाँचरमधून दिल्या असत्या तर फरक पडला असता असं मला वाटतं. मादी लहान, काट्याशिवायची, आणि वास तोच. मालकांना वाटत होतं की चांगलं चाललंय त्याला हात लावू नये, आणि त्या वेळी त्यांचं म्हणणं खोडून काढण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

उशिराच्या विणीतली ती आठ कबुतरं आता शेतावरच्या नव्या ढाबळीला रुळली आहेत. आत ढकललं की उघडणाऱ्या आणि बाहेर न उघडणाऱ्या तारांच्या दारातून ती संध्याकाळी दाण्याच्या वेळी परततात. त्यातली दोन कबुतरं कूपर्स हॉक या शिकारी पक्ष्याने नेली. १५ जुलैनंतर केशरचं काम याच कबुतरांवर पुन्हा सुरू होईल, आणि चकोरवाल्या शेतावर मालकांनी फेजंटच्या सहा माद्या सांगून ठेवल्या आहेत.